बाकड्याची जागा

पोरांनी मागायचं एक आणि पदरात पडायचं भलतंच, ही त्या ठाण्याची रीतच होऊन बसली होती. पोरं म्हणाली, रस्त्यात अडवता तेव्हा कशासाठी अडवलं ते तरी सांगत जा. त्यावर पोरांना निळे टी-शर्ट मिळाले, पाठीवर मोठ्या अक्षरात ‘आपले पोलीस, आपला आवाज’. पोरं म्हणाली, कुणाला धरून आणलं तर त्याला घरी फोन लावू द्या. तर समितीच्या खोलीत नवा पंखा आला. मग भिंतीवर एक चित्र आलं. चित्र चांगलं होतं, उगाच नावं कशाला ठेवा. एक पोलीस आणि एक मुलगा हातात हात घालून लांब कुठेतरी बघतायत. काय बघतायत ते काढणाऱ्यालाच ठाऊक.

ही समिती मुख्यालयाच्या डोक्यातून निघालेली. प्रत्येक ठाण्याने आपल्या भागातली सोळा ते वीस वयाची मुलं-मुली गोळा करायची, महिन्यातून एकदा बसवायची, पोलिसांचं काय चुकतं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं आणि प्रत्येक सूचनेला उत्तर द्यायचं. उत्तर द्यायचं बंधन होतं बरं का, सूचना मानायचं नव्हतं.

आणि हे सगळं सांभाळायचं कुणी? तर हवालदारबाईंनी. गुडघे गेल्यापासून त्यांना बंदोबस्ताला पाठवत नसत. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, तक्रारदार बायकांचे जबाब लिहायला बसवलं होतं. आणि बसून काम करणारा माणूस दिसला की सरकारी कचेरीत त्याच्या डोक्यावर काय काय येऊन बसतं ते सांगायला नको. हरवलेली कुत्री, शाळांच्या सहली, मुतारीच्या तक्रारी आणि ही पोरांची समिती. ज्याला कोणी वाली नाही, त्याला हवालदारबाई.

समितीत एक मुलगी होती. मैदानावर लहान पोरांच्या फुटबॉलच्या मॅचला रेफरी असायची, म्हणून सगळे तिला शिट्टी म्हणत. पहिल्याच बैठकीत बाकीची पोरं बिस्किटं खात लाजत बसली होती, तेव्हा ती उभी राहिली आणि साहेबांच्या तोंडावर म्हणाली, “ते कोपऱ्यातलं बाकडं हलवा. कॅमेऱ्यात दिसेल असं ठेवा. मला दुसरं काही नको.”

साहेब म्हणाले, “सूचना चांगली आहे. नोंद घेतो.”

तिला ते बाकडं का खुपत होतं, ते ठाण्यातल्या भिंतींनाही माहीत होतं. आत शिरलं की समोर ठाणे-अंमलदाराचा काउंटर, उजवीकडे बोळकांडी, आणि बोळकांडी जिथे वळते तिथे जिन्याखाली ते लाकडी बाकडं. धरून आणलेल्या माणसाचं नाव लिहून होईपर्यंत त्याला तिथे बसवत. धड अटक नाही, धड सुटका नाही, असा तो मधला वेळ. छताच्या कॅमेऱ्याला काउंटर दिसे, बोळकांडी वळणापर्यंत दिसे, बाकडं तेवढं दिसत नसे. मागच्या वर्षी शिट्टीच्या धाकट्या भावाला तिथे बसवलं होतं. सायकल कुणाची ते सांगता येईना म्हणून. सायकल शिट्टीची होती. तो तेच सांगत होता, पण जरा चढ्या आवाजात सांगत होता. एक थप्पड बसली आणि डाव्या कानाचा पडदा गेला. तक्रार झाली, चौकशी झाली. कॅमेऱ्यात दिसलं काय, तर एका बुटाचं टोक. पुरावा आढळत नाही, प्रकरण बंद.

थप्पड कुणाची होती, हेही भिंतींना माहीत होतं. ती पैलवानाची होती.

पैलवान म्हणजे ठाण्यातला जुना हवालदार. हात फावड्याएवढे, पोट मोठं आणि मनही तसं मोठंच, हे कबूल करायलाच हवं. कुणाच्या घरी आजारपण निघालं की हा पहिला हजर. हवालदारबाईंचा नवरा पोलिसांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, पैलवानाचा जिवाभावाचा मित्र. ज्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली त्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद होती. पैलवानाने त्याला पाठीवर घेतलं आणि सगळे जिने उतरून खाली आणलं. माणूस वाचला नाही तो नाहीच, पण पाठीवर घेणारा पैलवानच होता. तेव्हापासूनच काय, त्याच्या आधीपासूनही, तो त्यांना वहिनी म्हणायचा आणि त्या त्याला भाऊजी. चौकशीवाल्यांनी जेव्हा विचारलं, “बाई, तुम्ही त्या वेळी कुठे होता?” तेव्हा त्या म्हणाल्या, “आत.” खरंच होतं ते. आतच होत्या.

आता अशी पोरगी समितीत आली म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, ही सूड घ्यायला आलीय. हवालदारबाईंनी एकदा तिला बाजूला घेऊन सरळ विचारलंही. तर ती म्हणाली, “सूड घेऊन काय करू बाई? त्याचा कान येणारे का परत? पुढच्याचा वाचला तर बघू.”

आणि हे मोठ्या माणसासारखं, कंटाळलेल्या आवाजात. त्या वयात पोरींनी असं दमून बोलू नये. हवालदारबाईंना त्या आवाजाचंच जास्त वाईट वाटलं.

एका बैठकीत तिने सगळ्यांना दाखवूनच दिलं. स्वतः जाऊन बाकड्यावर बसली आणि बाकीची पोरं साहेबांच्या केबिनमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभी केली. तिकडून ओरडली, “दिसते का?”

चष्मेवाला पोरगा इकडून ओरडला, “तुझा पायाचा अंगठा दिसतोय!”

सगळी पोरं खो खो हसली. साहेबसुद्धा हसले. ती बोळकांडीतून परत आली तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं. “बाकडं हलवा,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

महिने गेले. घोंगडं भिजत पडलं. एक दिवस शिट्टीने टी-शर्ट घडी करून हवालदारबाईंच्या टेबलावर आणून ठेवला. “मी नाही येत आता. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे.”

तेव्हा हवालदारबाई म्हणाल्या, “थांब. हे काम मी करून देते. माझा शब्द.”

का म्हणाल्या, देव जाणे. त्या दिवशी गुडघे फार ठणकत होते, पोरगी दारात उभी होती, आणि तोंडातून निघून गेलं. शब्द द्यायला काय, जीभ हलवली की झालं. बाकडं हलवायला माणसं लागतात.

माणसं मिळाली. दोन शिपायांना हाताशी धरून त्यांनी बाकडं उचलवलं आणि काउंटरसमोर, बरोबर कॅमेऱ्याखाली ठेववलं. पोरगीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर पहिले पाढे पंचावन्न! बाकडं जिन्याखाली, जसं काही तिथेच जन्मलं होतं.

हवालदारबाईंनी ठाणं डोक्यावर घेतलं. सफाईवाली म्हणाली, “बाई, तिथे वरच्या एसीचं पाणी ठिबकतं. लाकूड कुजेल म्हणून मी फक्त हातभर सरकवलं.” काउंटरवरचा ठाणे-अंमलदार म्हणाला, “समोर माणसं बसली की माझं सगळं बोलणं ऐकतात हो. मी आपलं जरासं पुढे ढकललं.” आणि पहाऱ्याचा शिपाई डोकं खाजवत म्हणाला, “मोबाइल चार्ज करायचं बटण त्या कोपऱ्यातच आहे ना.” तिघांनी थोडं थोडं सरकवलं आणि बाकडं आपलं आपण घरी गेलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. पाप असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मग हवालदारबाईंनी पुन्हा हलवलं. ते पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा हलवलं, तिसऱ्यांदा गेलं. ठाण्यात थट्टा सुरू झाली, बाकड्याला पाय फुटलेत म्हणून. कुणीतरी म्हणालं, बेपत्ता झाल्याची तक्रार नोंदवून घ्या.

एकदा पैलवान त्यांच्या खोलीत आला, खुर्ची कुरकुरेल इतक्या जोरात बसला आणि म्हणाला, “वहिनी, त्या बाकड्याच्या का मागे लागलात?”

“पोरांना शब्द दिलाय भाऊजी.”

“पोरं काय, आज आहेत उद्या नाहीत. आपल्याला इथेच राहायचंय.” मग म्हणाला, “मी एकच दिली होती. ती पण उघड्या हाताने. एवढं व्हायला नको होतं, हे मलाही कळतं. पण पोरगा उलट बोलत होता हो.”

“सायकल त्याच्या बहिणीची होती, भाऊजी.”

“ते नंतर कळलं.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. हवालदारबाईंनी ड्रॉवरमधून बिस्किटाचा पुडा काढला, त्याच्यापुढे केला, आणि दोघांनी मिळून तो संपवला.

शेवटी त्यांनी साहेबांनाच गाठलं. म्हणाल्या, साहेब, समितीचं वर्ष संपतंय, कार्यक्रमाला मुख्यालयातून मोठ्या बाई येणारेत, एवढं एक काम झालं तर दाखवायला बरं. दाखवायला बरं, हे ऐकल्यावर साहेबांचे कान टवकारले. लगेच सुताराला बोलवायचा हुकूम निघाला. बाकड्याच्या चारी पायांना लोखंडी पट्ट्या मारायच्या, फरशीत बोल्ट गाडायचे, वरून सिमेंट. परत म्हणून हलता कामा नये.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हवालदारबाईंनी बाकडं स्वतः उभं राहून कॅमेऱ्याखाली ठेवून घेतलं. एसीच्या नळीखाली बादली ठेवली. सुताराला सांगितलं, उद्या सकाळी ये, मी असेनच. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मोतीबिंदू काढला होता, पट्टी सोडायची होती. तिथे ही रांग. त्या ठाण्यात पोचल्या तेव्हा सुतार हत्यारं गोळा करून निघाला होता.

“झालं बाई काम,” तो म्हणाला. “आता हत्ती जरी बांधला तरी हलायचं नाही.”

हलायचं नव्हतंच. बाकडं जिन्याखाली होतं.

कसं झालं ते सांगायला अक्कल लागत नाही. पहाऱ्याच्या शिपायाच्या मोबाइलची बॅटरी रात्री संपली, म्हणून त्याने बाकडं बटणापाशी ओढलं होतं. सुतार वेळेआधी आला. त्याने विचारलं, कुठलं बाकडं? काउंटरवरून मान वर न करता उत्तर आलं, हे काय, ते बघ तिथे. आणि त्या बिचाऱ्याने जिथे दिसलं तिथे पक्कं केलं. जन्मात पहिल्यांदा त्या ठाण्यात एखादं काम वेळेत आणि चोख झालं होतं. हवालदारबाई त्याच बाकड्यावर मटकन बसल्या. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही करायची ताकद नव्हती.

साहेब म्हणाले, “अरेरे! पण आता फोडायचं म्हणजे फरशी जाईल. पुढच्या वर्षी बघू.” आणि कॅमेरा वळवायचा? छे छे, तो मुख्यालयाच्या कंत्राटातला, सील केलेला, हात लावला तर लावणाऱ्याची नोकरी जाईल.

दुपारी पोरं आली, टी-शर्ट घालून, नटूनथटून. शिट्टी सगळ्यांच्या आधी आली आणि सरळ बोळकांडीत गेली. हवालदारबाई मागोमाग गेल्या. पोरगीने दोन्ही हातांनी बाकडं धरून हलवून बघितलं. मग वाकून बोल्ट बघितले. सिमेंट अजून ओलं होतं.

“अगं, चूक झाली,” हवालदारबाई म्हणाल्या. “मी सकाळी नव्हते. सुताराने...”

“असू दे बाई.”

“माझ्यावर विश्वास ठेव, मी मुद्दाम...”

“ठेवलाय. इथे कुणीच मुद्दाम काही करत नाही.” ती बाकड्यावर बसली. आवाज चढवला नाही, रडली नाही. समोरची रिकामी भिंत बघितली आणि म्हणाली, “बाकडं हलत नाही. कॅमेरा हलत नाही. मग तुम्ही हलता का?”

“म्हणजे?”

“तुमचं टेबल. आतलं इथे आणा, या भिंतीला. तुम्ही इथे बसा. कॅमेऱ्याला नाही दिसत तर तुम्हाला दिसेल.”

हवालदारबाईंचा पाराच चढला. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांचा सगळा शीण त्या एका वाक्यावर निघाला. “काय बोलतेस तू? अगं, उभं आयुष्य रस्त्यावर उभी राहून काढलं मी. ऊन नाही, पाऊस नाही. तेव्हा कुठे ती खिडकी मिळाली. इथे गार वारा, दाराची ये-जा, जिन्यावरची धूळ. माझे गुडघे बघितलेस का? एवढं केलं तुमच्यासाठी आणि वर हे!”

पोरगीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझा भाऊ मैदानावर खेळतो. मी शिट्टी वाजवली की सगळी पोरं माझ्याकडे बघतात. तो भलतीकडेच बघतो. एका कानाने ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. मग बाकीची पोरं हसतात.” ती उठली. “मी तुमच्यावर चिडले नाहीये बाई. तुम्ही एकट्याच खटपट करत होता. चला, कार्यक्रमाला उशीर होईल.”

कार्यक्रम झाला. मुख्यालयाच्या बाईंनी तरुणांचा आवाज या विषयावर भाषण केलं. भाषण इतकं लांबलं की एकाही तरुणाला बोलायला वेळ उरला नाही. साहेबांनी सांगितलं की समितीच्या सूचनेवरून बाकडं कायमचं पक्कं करण्यात आलं आहे, आणि टाळ्या वाजल्या. प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाला. फोटोत शिट्टी नव्हती. ती कधी गेली ते हवालदारबाईंना कळलंच नाही.

घरी सासूबाई नव्या डोळ्याने घरभर हिंडत होत्या आणि कुरकुरत होत्या. “मेलं हे काय ऑपरेशन! पंख्यावर धूळ, भिंतीला डाग, तुझ्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. आधी बरं होतं, काही दिसत नव्हतं तर जिवाला घोर नव्हता.”

“मग घाला परत पट्टी,” हवालदारबाई वैतागून म्हणाल्या.

“वा गं वा! एकदा दिसायला लागल्यावर कशी घालू?” सासूबाई म्हणाल्या आणि फडकं घेऊन पंख्याकडे निघाल्या. त्यांना खुर्चीवरून खाली उतरवता उतरवता हवालदारबाईंच्या नाकी नऊ आले.

गरम पाण्यात पाय सोडून बसल्यावर त्यांना स्वतःशी खोटं बोलणं जमेना. गुडघ्यांचं निमित्त होतं. वारा, धूळ, सगळं निमित्तच. आत बसलं की ‘मी आत होते’ असं म्हणता येतं, आणि ते खरंही असतं. बाहेर बसल्यावर काय म्हणणार? समोर भाऊजी असणार, भाऊजींचा हात असणार. ज्या पाठीवरून नवरा जिने उतरला ती पाठ असणार. आणि विचारलं तर सांगावं लागणार. त्यांना भीती वाटत होती, अगदी साधी भीती. म्हातारपणी माणूस तोडायची भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबल ओढायला सुरुवात केली. कुणी विचारीना, कुणी हात लावीना. दारात टेबल अडकलं तेव्हा काउंटरवरचा अंमलदार “काय हे बाई, या वयात,” म्हणत उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली. टेबल बोळकांडीच्या भिंतीला लागलं, बाकड्याच्या बरोबर समोर. मग खुर्ची आली, खुर्चीवरची उशी आली, बिस्किटाचा ड्रॉवर टेबलाबरोबर आलाच होता. बायकांचा जबाब घ्यायचा असेल तेव्हा पाठीमागच्या खोलीत जायचं आणि तेवढ्यापुरतं काउंटरवाल्याला इथे बसवायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

साहेब येता येता टेबलाला धडकले. “हे काय नवीन?”

“साहेब, समितीच्या सूचनेला उत्तर द्यायचं बंधन आहे ना,” हवालदारबाई म्हणाल्या. “हे उत्तर.”

साहेब मुख्यालयाच्या बाई काय म्हणतील याचा हिशेब करत केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी निरोप मिळून शिट्टी आली. जाऊन बाकड्यावर बसली, पाठ टेकली, पाय जमिनीला लावले. “दिसते का?”

“दिसतेस.”

“अंगठा?”

“अंगठ्यापासून केसांपर्यंत सगळी दिसतेस.”

मग ती ड्रॉवरकडे बोट दाखवून म्हणाली, “बिस्किट आहे का?” आभार मानले नाहीत. मानायचे तरी कशाचे? दोन बिस्किटं खाऊन मैदानावर निघून गेली.

आणि मग एका दुपारी पैलवान एका पोराला मानगुटीला धरून घेऊन आला. पोरगा विशीचाही नसेल. दुकानात काहीतरी बाचाबाची, काच फुटली, कुणी फोडली ते माहीत नाही. पैलवानाने त्याला बाकड्यावर आदळलं. “नाव?” पोरगा म्हणाला, “आधी मला सांगा मी काय केलंय.” झालं. पैलवानाचा हात उघडला आणि वर गेला. तेवढ्यात त्याला समोरचं टेबल दिसलं. इतके दिवस ते येता-जाता दिसत होतंच, पण असं आत्ताच दिसलं.

हात खाली आला. तो हळूच म्हणाला, “वहिनी, तुम्ही जरा चहा घेऊन या की.”

“नको भाऊजी. आत्ताच झाला.”

“मग आत जाऊन पाय तरी मोकळे करा. कधीच्या बसलात.”

हवालदारबाईंनी पेन खाली ठेवलं. “भाऊजी, तुम्ही ह्यांना पाठीवर घेऊन खाली उतरवलंत. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण आता इथे जे होईल ते मी बघितलं असंच सांगणार. विचारलं तरी सांगणार, नाही विचारलं तरी सांगणार.”

पैलवानाच्या चेहऱ्यावर राग असता तर सोसला असता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मोठा हात त्याने स्वतःच्याच पँटला पुसला आणि काउंटरकडे जाऊन म्हणाला, “याचं नाव लिहून घ्या. काचेचं प्रकरण.”

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तशातच पोरगा चाचरत म्हणाला, “मावशी, घरी फोन लावता येईल का?” त्यांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे ढकलला. फोन लावताना त्याची बोटं दोनदा चुकली.

काउंटरवरचं काम उरकून पैलवान परत आला. जिन्याकडे जायचं होतं. टेबल आणि बाकडं यांच्यामधून त्याचं पोट जाईना. तो थांबला, कुठेतरी बाजूला बघत म्हणाला, “हवालदारबाई, टेबल जरा सरकवा. जायला वाट नाही.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्यांना हवालदारबाई म्हटलं होतं. त्यांनी ते ऐकलं, आणि ते तसंच राहणार हेही त्यांना कळलं.

“आडवे होऊन जा,” त्या म्हणाल्या. “टेबल हलायचं नाही.”